सात पैशांचे वर्तमानपत्र आणि वारज्याची टेकडी

पुण्याच्या कर्वे रस्त्याने नैर्ऋत्येस निघालेला मनुष्य कर्वेनगर ओलांडून वारज्याच्या हद्दीत शिरतो, तेव्हा त्याच्या डाव्या अंगास मुठा नदी असते, उजव्या अंगास टेकड्यांची रांग असते, मुंबईहून बंगळूरकडे धावणारा राष्ट्रीय महामार्ग त्याच्या वाटेस आडवा छेदून जातो, आणि शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे ही गावे मागे टाकीत तोच रस्ता अखेर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या फाटकाशी जाऊन पोहोचतो. १९९७ साली पुणे महानगरपालिकेची हद्द वाढली त्या वेळी वारजे शहरात आले; तोपर्यंत ते हवेली तालुक्यातले एक खेडे होते आणि त्याच्या खेडेपणाच्या खुणा माळवाडीच्या जुन्या गल्लीबोळांतून आजही सापडतात. या एवढ्याशा प्रदेशात सरकारे मात्र कितीतरी नांदतात. जमिनीचा सातबारा तलाठ्याच्या दप्तरी, बांधकामाचा नकाशा महापालिकेच्या कचेरीत, विकास आराखड्यातील आरक्षणाची अखेरची मंजुरी मंत्रालयाकडे, डोंगरावरचा काही भाग वन खात्याकडे, महामार्ग केंद्र सरकारकडे आणि प्रबोधिनी संरक्षण मंत्रालयाकडे, अशी ही वाटणी आहे. आणि सामान्य माणसाच्या आयुष्यातील बहुतेक गाऱ्हाणी यांपैकी कोणत्या ना कोणत्या दारातूनच उपजतात.

राज्यघटनेच्या दृष्टीने मात्र ही सारी दारे एकाच वाड्याची आहेत. घटनेच्या १२व्या अनुच्छेदात ‘राज्य’ या शब्दाची जी व्याप्ती दिलेली आहे तीत केंद्र सरकार, राज्य सरकार, त्यांची विधिमंडळे आणि नगरपालिकांसारख्या स्थानिक संस्था या सर्वांचा समावेश होतो. म्हणून वारज्यातील एखाद्या गृहस्थाच्या समान वागणुकीच्या हक्कावर महापालिकेच्या कनिष्ठ अभियंत्याने गदा आणली काय, किंवा दिल्लीच्या सचिवाने आणली काय, घटनेच्या लेखी अपराधाची जात एकच ठरते. हे तत्त्व समजून घेणे फारसे अवघड नाही. आपल्याकडे अवघड जाते ते दुसरेच: मूलभूत हक्क म्हणजे थोर पुरुषांनी थोर प्रसंगी उच्चारावयाची गोष्ट, आपल्या घरच्या नळाशी, भूखंडाशी, वर्तमानपत्राच्या किमतीशी तिचा काय संबंध, अशी जी एक समजूत सुशिक्षितांतही मुरलेली आहे ती काढून टाकणे. प्रत्यक्षात या प्रांतातील घटनात्मक हक्कांचा इतिहास पाहिला तर त्यातले अनेक महत्त्वाचे फैसले क्षुल्लक वाटणाऱ्या तक्रारींतून निघालेले आहेत, आणि त्यातले काही वारज्यापासून दोन-चार कोसांच्या आतले आहेत.

प्रथम न्यायालयाच्या दाराविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत. मूलभूत हक्काचा भंग झाला असता थेट सर्वोच्च न्यायालयाकडे जाण्याचा अधिकार ३२व्या अनुच्छेदाने दिलेला आहे, डॉ. आंबेडकरांनी घटना परिषदेत या अनुच्छेदाचा उल्लेख घटनेचा आत्मा आणि तिचे हृदय असा केला होता, हे अनेकांस ठाऊक असते. त्या मानाने २२६व्या अनुच्छेदाकडे लोकांचे लक्ष कमी जाते, आणि वस्तुतः सामान्य माणसाच्या उपयोगाचा अनुच्छेद तोच आहे. त्याअन्वये प्रत्येक राज्याच्या उच्च न्यायालयास सरकारी अधिकाऱ्यावर आदेश काढता येतो: डांबून ठेवलेल्या माणसाला समोर हजर करा, कायद्याने तुमच्यावर टाकलेले काम करा, अधिकार नसताना दिलेला हुकूम रद्द समजा, अमुक पदावर तुम्ही कोणत्या अधिकाराने बसला आहात ते दाखवा. सर्वोच्च न्यायालयाचे ३२व्या अनुच्छेदाखालचे सामर्थ्य केवळ मूलभूत हक्कांपुरते मर्यादित आहे. उच्च न्यायालयाला मात्र मूलभूत हक्कांसाठी ‘आणि अन्य कोणत्याही प्रयोजनासाठी’ आदेश काढण्याची मुभा आहे, आणि या चार शब्दांच्या आधाराने निवृत्तिवेतन अडलेला शिक्षक, परवाना नाकारलेला दुकानदार आणि नोटिशीवाचून घर पाडले गेलेला झोपडीवासी अशी मंडळी उच्च न्यायालयात उभी राहतात. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात सरकारविरुद्ध दावा लावता येतो, मनाई हुकूमही मागता येतो. परंतु वरच्यासारखे आदेश, म्हणजे रिट, काढण्याचा अधिकार तेथील न्यायाधीशास नाही. दुसरा मार्ग मोकळा असता उच्च न्यायालय सहसा याचिका ऐकत नाही आणि विलंबाने आलेल्याकडे कपाळाला आठ्या घालून पाहते. हे दोन्ही संकेत न्यायालयांनी स्वतःच स्वतःवर घालून घेतलेले आहेत, आणि प्रसंगी ते स्वतःच बाजूला ठेवतात.

आता त्या सात पैशांची हकीकत. डॉ. नानासाहेब परुळेकर यांनी १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात सुरू केलेले ‘सकाळ’ हे दैनिक १९६०च्या सुमारास रविवार वगळता आठवड्याचे सहा दिवस मिळून चौतीस पाने देत असे आणि त्याची किंमत सात नये पैसे होती. केंद्र सरकारने १९५६ साली वर्तमानपत्रांच्या किमती आणि पाने यांच्याविषयी एक कायदा केला होता व १९६० साली त्याखाली एक हुकूम काढला. त्या हुकुमाच्या कोष्टकाप्रमाणे सात पैसे घेणाऱ्या पत्रास सहा दिवसांत चोवीसच पाने छापता येत होती, आणि चौतीस पाने द्यावयाची तर किंमत आठ पैसे करणे भाग होते. पुरवण्या काढण्यावर आणि जाहिरातींना किती जागा द्यावी यावरही नियमन येणार होते. सरकारचे म्हणणे अगदीच टाकाऊ होते असे मला वाटत नाही. मोठ्या भांडवलाची पत्रे अल्प किमतीत भरपूर पाने देऊन लहान पत्रांचा गळा घोटतात, मक्तेदारी निर्माण होते, तेव्हा लहानांना श्वास घेता यावा म्हणून हे बंधन घालणे लोकहिताचे आहे, आणि शिवाय हे बंधन मतप्रतिपादनावर नसून धंद्यावर आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. मक्तेदारीचे भय त्या काळी खरे होते. आज ते अधिक खरे आहे.

परंतु परुळेकर सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि त्यांच्याबरोबर पत्राचे वाचकही याचिकाकर्ते म्हणून गेले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. कारण छापणाऱ्याचे स्वातंत्र्य हे वाचणाऱ्याच्याही कामाचे असते, हे त्या वाचकांना कोणत्याही टीकाग्रंथाशिवाय कळलेले होते. २५ सप्टेंबर १९६१ रोजी घटनापीठाने दिलेला निकाल न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर यांनी लिहिला. त्याचा आशय साध्या शब्दांत सांगावयाचा तर असा: विचार मांडण्याच्या स्वातंत्र्यात तो किती विस्ताराने मांडावा आणि किती लोकांपर्यंत पोहोचवावा याचेही स्वातंत्र्य येते, पाने कमी करण्यास भाग पाडणे म्हणजे विस्तार कमी करणे, आणि किंमत वाढवण्यास भाग पाडणे म्हणजे वाचक कमी करणे, तेव्हा दोन्ही वाटांनी कुऱ्हाड एकाच मुळावर पडते. धंद्याच्या स्वातंत्र्यावर सर्वसाधारण लोकहितासाठी बंधन घालता येते. भाषणस्वातंत्र्यावर मात्र १९व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात मोजून दिलेल्या कारणांसाठीच घालता येते, आणि त्या यादीत ‘सर्वसाधारण लोकहित’ हे कारण नाही. एका हक्काच्या दारातून जे आत आणता येत नाही ते दुसऱ्या हक्काच्या दारातून सरकारला आणता येणार नाही. कायद्याचे संबंधित कलम आणि त्याखालचा हुकूम दोन्ही रद्द झाले. पुढे १९७२ साली वृत्तपत्री कागदाच्या वाटपाविषयीचे धोरण सर्वोच्च न्यायालयासमोर आले तेव्हा न्यायाधीशांनी या पुण्याच्या खटल्याचाच आधार घेतला, आणि आजही भाषणस्वातंत्र्याच्या कोणत्याही गंभीर वादात एक पैशाच्या फरकातून उपजलेल्या त्या निकालाचा दाखला दिला जातो.

दुसरे प्रकरण एका हस्तलिखिताचे आहे. १९६२च्या चिनी आक्रमणानंतर भारत संरक्षण नियमांखाली जी धरपकड झाली तीत प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे साम्यवादी कार्यकर्ते मुंबईच्या जिल्हा तुरुंगात स्थानबद्ध होते. तेथे त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ या नावाचे एक मराठी पुस्तक लिहिले. पुस्तकात राजकारण नव्हते, युद्ध नव्हते, सरकारवर टीकाही नव्हती. मूलकणांचे शास्त्र सामान्य वाचकास मराठीत समजावून सांगण्याचा तो एक प्रामाणिक प्रयत्न होता. हस्तलिखित छापण्यासाठी आपल्या पत्नीकडे पाठवावे अशी विनंती त्यांनी केली, आणि सरकारने ती नाकारली. संझगिरी यांनी २२६व्या अनुच्छेदाखाली मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली, उच्च न्यायालयाने हस्तलिखित बाहेर जाऊ देण्याचा आदेश दिला, आणि सरकार, जणू काही अणूचे रहस्य फुटत असावे अशा आवेशाने, सर्वोच्च न्यायालयात अपिलास गेले.

सरकारी बाजूचा मुद्दा ऐकण्यासारखा होता. स्थानबद्धांना कोणत्या सवलती मिळतील हे १९५१च्या एका हुकुमात लिहिलेले आहे. पुस्तक छापावयास पाठवण्याची सवलत त्यात लिहिलेली नाही. म्हणून ती नाही. ही विचारसरणी आपल्या कचेऱ्यांतून इतकी रुळलेली आहे की ती विचारसरणी आहे हेही कोणाच्या ध्यानी येत नाही: जे लिहून दिलेले नाही ते तुमचे नाही. न्यायमूर्ती कोका सुब्बाराव यांनी सप्टेंबर १९६५मध्ये दिलेल्या निकालात हा पाया उलटा करून दाखवला. नागरिकाचे स्वातंत्र्य अगोदरच असते. स्थानबद्धतेचा हुकूम ते काही प्रमाणात कमी करतो, आणि तो जेवढे कमी करतो तेवढेच कमी होते. नियमांतील यादी ही देणग्यांची यादी नव्हे, ती बंधनांची यादी आहे. बंधन ज्या बाबतीत लिहिलेले नाही त्या बाबतीत तुरुंगातला मनुष्यसुद्धा मोकळा असतो. हस्तलिखित अडवण्याचा अधिकार सरकारला कोणत्याही नियमाने दिलेला नव्हता, तेव्हा अपील फेटाळले गेले. मराठीतून शास्त्र लिहिणाऱ्या माणसांची आपल्याकडे वाण आहे, आणि त्यातल्या एकाने तुरुंगात बसून पुस्तक लिहिले तर त्याची पाठ थोपटावयाची सोडून राज्याने देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत त्याच्याशी भांडावे, यातला विनोद त्या काळच्या सरकारला जाणवला होता की नाही कोण जाणे.

न्यायालये नेहमीच अशी ताठ उभी राहिली असे मात्र कोणी समजू नये. आणीबाणीत हे दोन्ही अंगांनी दिसले. १९७६च्या आरंभी मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मुंबईच्या मासिकातील मजकूर प्रसिद्धिपूर्व तपासणीत नाकारला गेला होता, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मदन आणि न्यायमूर्ती कानिया यांनी तो नकार बेकायदा ठरवला. सगळ्या पत्रांनी एकाच सुरात बोलावे यासाठी तपासनीस नेमलेला नसतो, असा त्यांच्या निकालाचा रोख होता. नागपूर खंडपीठासह देशातील नऊ उच्च न्यायालयांनी असे म्हटले होते की, आणीबाणी असली तरी स्थानबद्ध माणसाला आपल्या अटकेच्या कायदेशीरपणाची चौकशी मागता येते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने या नऊही न्यायालयांस चुकीचे ठरवले. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे वेगळे राहिले. तो निकाल स्पष्ट शब्दांत रद्द ठरावयास २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला, आणि तोही खासगीपणाच्या हक्काविषयीच्या खटल्यात प्रसंगोपात्त. राज्याराज्यांतील न्यायालये दिल्लीहून दूर असतात हा त्यांचा दोष मानला जातो; त्या वर्षी तो त्यांचा गुण ठरला, असे मला वाटते.

आता पुन्हा पुण्याकडे, आणि वारज्यातील माणसाच्या नित्याच्या चिंतेकडे, म्हणजे जमिनीकडे येऊ. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ साली झाला. त्याखाली तयार होणाऱ्या विकास आराखड्यात शाळा, बाग, दवाखाना, रस्ता यांच्यासाठी खासगी जमिनी आरक्षित होतात. नकाशावरच्या त्या रंगीत ठिपक्याखाली कोणाच्या तरी वाडवडिलांची जमीन असते आणि त्याच ठिपक्यात शेजारच्या पोरांची शाळाही असते, म्हणून हा वाद केवळ मालक विरुद्ध सरकार असा कधीच नसतो. प्रभात रस्त्यावरील एका भूखंडाचे प्रकरण या दृष्टीने शिकण्यासारखे आहे. अंतिम भूखंड क्रमांक ११० हा प्राथमिक शाळेसाठी आरक्षित होता. राज्य सरकारने ते आरक्षण अन्यत्र हलवण्यास मुभा दिली आणि तेथे निवासी इमारत उभी राहिली. बांधणारे विकासक हे तत्कालीन मुख्यमंत्र्यांचे जावई होते. एक पत्रकार आणि एक नगरसेवक असे दोघे वेगवेगळ्या याचिका घेऊन उच्च न्यायालयात गेले. १९९९मध्ये उच्च न्यायालयाने ती परवानगी बेकायदा ठरवली, आणि १२ ऑक्टोबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निष्कर्ष कायम केला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती हेमंत गोखले हे मुंबईतच वकिली करून न्यायासनावर चढलेले गृहस्थ होते.

त्या निकालातून सामान्य वाचकाने घ्यावयाची गोष्ट राजकीय नाही, ती कार्यपद्धतीची आहे. आराखड्यात बदल करावयाचा तर कायद्याने एक वाट आखून दिलेली आहे: नोटीस प्रसिद्ध करावी, हरकती मागवाव्यात, त्या ऐकून घ्याव्यात, मग मंजुरी द्यावी. ही वाट टाळून मंत्रालयातून एका हुकमासरशी आरक्षण उचलता येत नाही, कारण ज्यांची हरकत ऐकली गेली असती त्या नागरिकांचा हक्क तेथे बुडतो. वारज्यात कोणी विकास आराखड्याची नोटीस वाचतो काय, असा प्रश्न कोणी करील तर त्याचे उत्तर मला ठाऊक आहे. परंतु न वाचलेली नोटीस आणि न काढलेली नोटीस यांत कायदा फरक करतो. उलटपक्षी मालकालाही त्याच अधिनियमाच्या १२७व्या कलमाचा आसरा आहे. आराखडा अमलात येऊन दहा वर्षे लोटली तरी जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालकाने नोटीस द्यावी, आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत संपादनाची कारवाई झाली नाही तर आरक्षण आपोआप संपते. २००७ सालच्या गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगून टाकले की, महापालिकेने ठराव करून सरकारकडे नुसते पत्र धाडणे म्हणजे संपादनाची कारवाई नव्हे. पत्र धाडून मोकळे होण्याची ही आपली जुनी रीत किती मालकांच्या दोन-दोन पिढ्या खाऊन बसली असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

याहून गुंतागुंतीचा प्रश्न वारज्याच्या डोक्यावरच उभा आहे, म्हणजे टेकड्यांचा. १९९७च्या हद्दवाढीतून अखेर तेवीस गावे पुण्यात राहिली, आणि त्या गावांच्या विकास आराखड्यात डोंगरउतारावरील सुमारे ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यान म्हणून आरक्षित करण्याची कल्पना पुढे आली. मोठ्या वादंगानंतर २०१५ साली राज्य सरकारने तिला मान्यता दिली. शहराला हवा, पाणी, सावली हवी हे कोणीही नाकारणार नाही, आणि २१व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात स्वच्छ पर्यावरणाचा हक्क येतो हे आपल्या न्यायालयांनी आता पक्के केले आहे. परंतु ज्याची वडिलोपार्जित खडकाळ जमीन त्या हिरव्या रंगाखाली गेली तो विचारतो, शहराच्या श्वासाची किंमत मी एकट्याने का द्यावी? मालमत्तेचा हक्क ४४व्या घटनादुरुस्तीने १९७९पासून मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला गेला खरा, पण ३००-क या अनुच्छेदाच्या रूपाने तो घटनेत राहिलाच: कायद्याच्या अधिकाराखेरीज कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. तुकाराम काना जोशी यांच्या प्रकरणात ठाणे जिल्ह्यातील काही निरक्षर शेतकऱ्यांच्या जमिनी औद्योगिक वसाहतीसाठी गेल्या होत्या. १९६४ची अधिसूचना, आणि मोबदला मात्र कोठेच नाही. ते उच्च न्यायालयात आले तेव्हा उशीर झाला म्हणून त्यांस परत पाठवण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्ये म्हटले की, मोबदला न देण्याचा अन्याय दररोज चालू असता उशिराची सबब सरकारने पुढे करू नये, आणि मालमत्तेचा हक्क हा मानवी हक्कही आहे.

दुसऱ्या टोकास कोंढवा बुद्रुकचे प्रकरण आहे. तेथील ११.८९ हेक्टर राखीव वनजमीन १९९८ साली शेतीच्या नावाने एका कुटुंबास देण्यात आली आणि लगेचच ती एका गृहनिर्माण संस्थेकडे गेली. १५ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने हा सारा व्यवहार बेकायदा ठरवून जमीन वन खात्यास परत देण्याचा आदेश दिला, आणि महसूल खात्याच्या ताब्यातील राखीव वनजमिनी अशाच कोणास दिल्या गेल्या आहेत काय याचा तपास करण्यासाठी सर्व राज्यांनी विशेष पथके नेमावीत असेही फर्माविले. या दोन निकालांना समोरासमोर ठेवले की वारज्याच्या टेकडीचा कोयडा नीट दिसतो. कोंढव्यात जमीन मुळात सरकारची होती, म्हणून न्यायालयास कठोर होणे सोपे गेले. वारज्यासारख्या ठिकाणी उतारावरची पुष्कळ जमीन खासगी आहे, तेव्हा आरक्षण टिकवावयाचे तर मोबदला चुकता करावा लागेल, आणि मोबदला द्यावयाचा नसेल तर आरक्षण फार काळ टिकणार नाही. टेकडीही हवी आणि पैसाही द्यावयाचा नाही, ही नागरिकांची आणि सरकारची संगनमताची भूमिका घटनेत बसत नाही.

वारज्याहून गेलेला रस्ता जेथे थांबतो त्या प्रबोधिनीविषयी थोडक्यात सांगतो. १९५५ साली खडकवासल्यास सुरू झालेल्या या संस्थेत २०२१पर्यंत मुलींना प्रवेश परीक्षेस बसण्याचीही मुभा नव्हती. एका वकिलाच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑगस्ट २०२१ रोजी अंतरिम आदेशाने ती मुभा दिली. सरकारने पुढील वर्षापर्यंत मुदत मागितली तेव्हा सप्टेंबरात ती नाकारली गेली. आणि ३० मे २०२५ रोजी प्रबोधिनीच्या दीक्षान्त संचलनातून सतरा मुली प्रथमच बाहेर पडल्या. समानतेच्या १४व्या, १५व्या आणि १६व्या अनुच्छेदांवर इतकी वर्षे जो पडदा होता तो दूर करण्यास एक अंतरिम आदेश पुरला, अंतिम निकालाची वाटही पाहावी लागली नाही, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. मात्र या प्रकरणी याचिका ज्यांच्या हक्काची होती त्या मुलींपैकी कोणीच न्यायालयात गेलेली नव्हती. जनहित याचिकेचे हे बळ आहे. त्याच याचिकेचा बाजार मांडणारेही निघतात आणि न्यायालये त्यांना दंड करतात, तरीही १९८०च्या दशकाच्या आरंभी पत्रकार शीला बारसे यांच्या एका पत्रावरून मुंबईच्या तुरुंगातील स्त्रियांच्या स्थितीची चौकशी सर्वोच्च न्यायालयाने केली होती, हे आठवले म्हणजे ते दार बंद करावे असे म्हणवत नाही.

दार उघडे असले तरी तेथपर्यंत जावे लागते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या १२व्या कलमाप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीतील माणसे यांना मिळकतीची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मागता येतो, आणि ही सवलत उच्च न्यायालयातील रिटलाही लागू आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत त्यासाठी साधा अर्ज पुरतो. वकील मिळाला तरी न्यायालय मुंबईत आहे. पुण्यास खंडपीठ असावे ही मागणी जुनी आहे. १९७८ साली विधानसभेने औरंगाबाद आणि पुणे या दोन्ही ठिकाणी कायम खंडपीठे व्हावीत असा ठराव केला होता, आणि त्यात लोकांचा खर्च व त्रास वाचावा हेच कारण दिलेले होते. औरंगाबादचे पीठ १९८१मध्ये बसले. त्यास आव्हान देण्यात आले, तेव्हा पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मुख्य न्यायमूर्तींचा तसा अधिकार मान्य केला. पुण्याचे मात्र राहिले ते राहिलेच. ऑगस्ट २०२५मध्ये कोल्हापुरास फिरते पीठ सुरू झाले आणि त्यास कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे जोडण्यात आले.

पुणे मुंबईस जवळ आहे, दिवसभरात जाऊन येता येते, असे याचे समर्थन केले जाते. ज्या गृहस्थाला पहाटेची गाडी धरून फोर्टात पोहोचावयाचे, दिवसभर आपल्या प्रकरणाचा पुकारा होण्याची वाट पाहत बसावयाचे, संध्याकाळी ‘आज वेळ झाला नाही’ हे ऐकून परतावयाचे, आणि पुढच्या तारखेस पुन्हा एक दिवसाचा रोज बुडवावयाचा, त्याच्या लेखी हे अंतर दीडशे किलोमीटरांत मोजले जात नाही. अलीकडे याचिका विद्युत्माध्यमातून दाखल करता येते आणि काही सुनावण्या घरी बसून पाहता येतात, याने वकिलांची सोय झाली आहे. पक्षकाराला आपला न्याय डोळ्यांसमोर व्हावा असे वाटते, आणि तसे वाटण्यात काही वावगे आहे असे मला दिसत नाही. तूर्त वारज्यातील मालकाची १२७व्या कलमाची नोटीस पुण्यातच बजावली जाते, तिला महापालिकेचे उत्तरही पुण्यातच येते किंवा येत नाही, आणि रिट मात्र मुंबईच्या मुख्य पीठासमोर लागते.